भट्टीतली सळई

प्रयोगशाळेतील भट्टीत आमच्या नव्या स्टेनलेस स्टीलची बोटभर सळई भार लटकवून टांगली आहे. आधीच्या तिन्ही मिश्रणांच्या सळया धगीत लांबत लांबत तुटल्या. हीही तुटली, तर हे काम बंद होणार. हादरा नको म्हणून आजाऱ्याच्या उशाशी वावरावे तसे आम्ही येथे दबकत चालतो.

आज मी झरोक्यातून तिचा केशरी उजेड न्याहाळत होते, तेव्हा आमचे जुने तंत्रज्ञ शिंदेकाका कुजबुजले, “मॅडम, किती बघाल? दृष्ट लागेल पोरीला!”

मी हसले. सळईची लांबी मोजणारा काटा मात्र केसभर सरकला होता. थकवाही असाच येतो. तुटण्याच्या कितीतरी आधीपासून, आवाज न करता.

“बसा जरा,” म्हणत काकांनी स्टूल पुढे केले. मी खांद्यावरची पिशवी उतरवली आणि उगाच अपराधी वाटले. सळईचा भार कुणी उतरवणार नव्हते.