सार्वोनोंची उजवी मूठ

सोलो शहरात उभा जन्म गेला, पण सार्वोनोंनी जिमची पायरी कधी चढली नव्हती. आता अर्धांगवायूनं उजवा हात लुळा पडला आणि लेकीचं लग्न महिन्यावर आलं. निकाहात बापानं जावयाचा उजवा हात घट्ट धरूनच लेक सोपवायची. डावा पुढे करणं म्हणजे चारचौघांत जावयाचा अपमानच की!

बुजतच जिममध्ये शिरून त्यांनी उजव्या हातानं एक किलोचा डंबेल उचलायला घेतला. तो धाडकन पडला.

"काका, पाय वाचला बघा!" शिकवणारा दानांग हसला. कारण ऐकल्यावर मात्र त्यानं हात पुढे केला. "समजा, मीच जावई. धरा!"

सार्वोनोंनी सगळं बळ एकवटलं. बोटं नुसती थरथरली.

"लागलं काही?"

"माशी बसल्यासारखं, काका."

"मग उद्या येतो," म्हणत सार्वोनोंनी डाव्या हातानं उजवा उचलून खिशात ठेवला.