मिक्सरच्या मागची वाटी

आमच्या ओट्यावर भाजी चिरायचे तीन बोर्ड आहेत. हिरव्यावर भाजी, पांढऱ्यावर फळं. लाल कशाला, असं विचारलं तर सूनबाई म्हणाली, सेटच तीनचा येतो. एकदा मी पांढऱ्यावर कांदा चिरला. तिनं बोर्ड उचलला, साबण लावून घासला, वरून उकळतं पाणी ओतलं.

"बाबा, रंग बघायचे ना."

"कांद्याला कुठं रंग कळतो?"

"कांद्याला नाही कळत, जंतूंना कळतं."

"मग दाखव मला जंतू."

"दिसत नाहीत म्हणूनच तर एवढं करायचं."

हिच्याशी बोलून कुणी जिंकत नाही. औषधांच्या कंपनीत तपासणी खात्यात आहे. तिनं सही केल्याशिवाय तिथून गोळीची एक पट्टी बाहेर जात नाही. घरी पण तेच. फ्रिजमधल्या प्रत्येक डब्यावर कागदी पट्टी, पट्टीवर वार आणि वेळ. दही, मंगळवार, सकाळी आठ. मी एकदा म्हटलं, माझ्या पण कपाळावर चिकटव एक. तर हसून म्हणते, "तुमची तारीख कुणाला माहीत आहे, बाबा?" खरंच आहे. माझी जन्मतारीख शाळेच्या मास्तरांनी अंदाजानं लिहिली, आणि चौथीनंतर त्या शाळेत मी परत गेलो नाही.

पण मी पण काही असातसा माणूस नाही. बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत एका मशीनच्या कारखान्यात तीस वर्षं कँटीन सांभाळलं. मुख्य आचारी. दोन पाळ्यांचं जेवण आणि सकाळचा नाष्टा. साहेब लोक स्वतःचे डबे बंद करून माझ्याकडे जेवायचे. सूनबाई फार बोलायला लागली की माझं एकच उत्तर असायचं, "तीस वर्षं शेकडो माणसं जेवली माझ्या हातचं. एकाचं पोट दुखलं नाही."

यावर ती गप्प बसायची. मोठ्या माणसाच्या नोकरीवर बोट कसं ठेवणार. मुलगा तर आधीपासूनच गप्प. तो कुठल्यातरी सरकारी संशोधनात आहे, घरातलं संशोधन त्यानं आम्हा दोघांवर सोडलंय.

बायको गेली तेव्हा पीण्यातल्या दोन खोल्या सोडून मी इथं आलो. जे. पी. नगरात, नवव्या मजल्यावर. गॅलरीला कबुतरांसाठी जाळी मारलेली आहे, त्यामुळे खालचा रस्ता चौकटीचौकटीतून दिसतो. जुन्या सोबत्यांना भेटायचं म्हणजे सगळं शहर ओलांडायचं, गुडघे नाही म्हणतात. मग दिवसभर खुर्ची, गॅलरी, खुर्ची. माझं म्हणून एवढंच होतं, सकाळी सहा ते साडेसात स्वयंपाकघर. सूनबाई उठायच्या आत मी चहा करायचो, फोडणी द्यायचो. तेवढा वेळ मी कुणाचा तरी बाप, कुणाचा तरी सासरा असं काही नसायचो. मी आचारी असायचो.

आता भाताचं सांगतो.

जेवणं झाली की उरलेला भात लगेच फ्रिजमध्ये, हा घरचा नियम. आणि फ्रिजमधला भात म्हणजे मेलेला भात. दाणा कडक होतो, फोडणीत टाकला की तुटतो, हळद धरत नाही. बाहेर राहिलेला भात सकाळी मोकळा, नरम असतो. माझ्या बायकोनं जन्मभर तसाच केला. म्हणून मी एक वाटी काढून ठेवायचो. वर ताटली झाकायची आणि मिक्सरच्या मागे सरकवायची. मिक्सर जड, ओटा पुसताना कुणी उचलत नाही. सकाळी त्या वाटीला मोहरी, कढीपत्ता, शेंगदाणे, हिरवी मिरची. मी एकटाच खायचो.

पण फोडणीचा वास काय मिक्सरमागे लपतो? नात दुसरीत आहे. एक दिवस डोळे चोळत येऊन स्टुलावर बसली.

"आजोबा, मला पण."

"तुला आई देईल ते कॉर्नफ्लेक्स."

"ते पुठ्ठ्यासारखं लागतं."

आता पोरगी असं बोलल्यावर माझ्यासारखा माणूस काय करणार. दोन घास दिले. मग रोज दोन घास. आईला सांगायचं नाही, हे मी एकदाच म्हटलं होतं.

मार्च संपत आला होता. पूर्वी बंगळूरला या दिवसांत पण पहाटे पांघरूण लागायचं. आता रात्रभर पंखा लावूनही अंग चिकचिकतं. त्या सकाळी वाटीवरची ताटली काढली तेव्हा भाताला किंचित वास आला. किंचितच. हाताला थोडा बुळबुळीत लागला. मी फोडणीत लिंबू जास्त पिळलं. नातीनं त्या दिवशी दोन घास नाही, अर्धी वाटी खाल्ली.

अकरा वाजता शाळेतून फोन. उलट्या. घरी आणली तोवर आणखी दोनदा झाल्या. पोरगी पिवळी पडलेली. माझ्या पोटाला काही नाही, माझं पोट कँटीनचं. डॉक्टरनं विचारलं, "बाहेरचं काय खाल्लंस?" तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "काही नाही."

मी दवाखान्याच्या भिंतीवरचा दात घासायचा तक्ता वाचत उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी नात उठून बसली, दहीभात मागायला लागली. पण सूनबाई काय शोधल्याशिवाय सोडते? नातीचा शाळेचा डबा उघडला, हुंगला. डब्यात पपई होती. पपई चिरली होती कामाला येणाऱ्या बाईनं आणि तिच्या बोटाला आठवडाभर पट्टी होती. झालं. सूनबाईनं तिला फोनवर सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस.

ही बाई रायचूरकडची. मला अज्जा म्हणजे आजोबा म्हणायची, सूनबाईला अक्का. माझ्या फोडणीचा वास तिलाही ठाऊक होता, सकाळी आल्याबरोबर नाक वर करून म्हणायची, "अज्जा, अक्काला कळलं ना, तुम्हालापण डब्यात भरून वर चिठ्ठी लावतील." आणि पदरानं तोंड झाकून हसायची. अख्ख्या दिवसात माझ्याशी स्वतःहून बोलणारं तेवढंच एक माणूस.

मी तोंड उघडलं असतं तर ती राहिली असती. पण मग माझं स्वयंपाकघर गेलं असतं. आणि तीस वर्षांचं ते वाक्य पण गेलं असतं. तेच तर माझ्याकडे उरलं होतं. मी दोन दिवस जाळीतून रस्ता बघत बसलो.

त्या वाक्याची गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. बायकोला पण नाही.

आमच्या कँटीनमध्ये एक रीत होती. रोज जे शिजेल त्यातला एकेक डाव छोट्या स्टीलच्या डबीत काढायचा, वर तारखेची चिठ्ठी लावायची आणि फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवायचा. कुणाला बाधलंच तर तपासायला. त्याला नमुना म्हणायचे. एका सकाळी नाष्ट्याला चित्रान्न होतं, म्हणजे आपला लिंबू पिळलेला फोडणीचा भात. भात आदल्या रात्रीचा, दुसऱ्या पाळीचा उरलेला. रात्रभर पातेल्यातच राहिला होता. तेव्हापण वास आला होता, तेव्हापण मी लिंबू जास्त पिळलं होतं. दहाच्या सुमाराला मशीन सोडून माणसं संडासाकडे पळायला लागली.

साहेब खाली यायच्या आत मी फ्रिज उघडला, डबी मोरीत रिकामी केली, धुतली आणि मांडणीवर पालथी घातली.

"नमुना कुठे आहे?" साहेबांनी विचारलं.

"डब्या ठेवायचं काम भांडेवालीचं," मी म्हटलं. "तिनं ठेवलाच नाही वाटतं."

भांडी घासणारी बाई समोरच उभी होती. ती म्हणाली, "अण्णा, ठेवली होती मी. तुम्ही पाहिलंत की." मी चुलीकडे तोंड करून कढई खरवडत राहिलो. जिनं नमुना ठेवला नाही तिनं पाण्याच्या ड्रमला झाकण तरी ठेवलं असेल का, असं कुणीतरी म्हणालं आणि मग सगळं तिच्यावरच गेलं, तिला कामावरून काढलं. तीन दिवस ती फाटकाशी येऊन उभी राहायची. चौथ्या दिवशी आली नाही. वर्ष दोन वर्षांत लोक विसरले, आणि मी म्हणायला लागलो, एकाचं पोट दुखलं नाही. म्हणता म्हणता मलापण ते खरं वाटायला लागलं होतं.

तर आमची कामवाली तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आपलं सामान न्यायला आली. सामान म्हणजे काय, घरात घालायच्या चपला, एक डबा आणि छत्री. दारातच उभी राहिली. सूनबाईनं पिशवी हातात दिली. बाई म्हणाली, "अक्का, मी हात धुतले होते. पट्टीवर प्लॅस्टिक बांधून पपई चिरली होती. अज्जांनी पाहिलं की."

तिनं माझ्याकडे बघितलं. यावेळी खरवडायला कढई नव्हती.

"तिच्या पपईनं नाही झालं," मी म्हटलं. "माझ्या भातानं झालं."

"कुठला भात?" सूनबाई म्हणाली.

मी स्वयंपाकघरात गेलो. दोन्ही हात लावून मिक्सर बाजूला ओढला. मागे ओट्यावर वाटीच्या बुडाचा गोल डाग होता. एक नव्हे. एकावर एक, थोडे सरकलेले, गोलात गोल, तेलकट, धूळ बसलेले. सूनबाई वाकली. बोट फिरवलं, नाकाशी नेलं. गोळ्या पण अशाच तपासत असेल.

"किती दिवस चाललंय?"

"आल्यापासून."

"बाहेर? रात्रभर?"

"हं."

"आणि ती पण खायची?"

खोलीच्या दारातून नात म्हणाली, "मीच मागायचे." आणि रडायला लागली.

मला वाटलं होतं सूनबाई ओरडेल. ओरडली असती तर मी पण ओरडलो असतो, मला ते जमतं. पण तिनं आधी दारात जाऊन बाईला सांगितलं, "माझं चुकलं. उद्यापासून ये." मग आत आली, डाग साबणानं पुसून काढला, मिक्सर जागेवर ठेवला आणि म्हणाली, "बाबा, आता तुम्ही ओट्यापाशी यायचं नाही."

तीन आठवडे मी गेलो नाही. चहा हातात मिळायचा. पाणी हातात मिळायचं. कामवाली सकाळी आल्यावर माझ्याकडे बघायची, काहीतरी गमतीचं बोलायला जायची आणि थांबायची. सूनबाईनं तिलाच सांगून ठेवलं होतं ना, अज्जांवर लक्ष ठेव म्हणून. सहा वाजता जाग यायची आणि साडेसातपर्यंत मी पलंगावर बसून राहायचो. आतून भांड्याचा आवाज आला की कुठलं भांडं ते ओळखायचो. माफी मी मागितली नाही. मागायचं कळत होतं, पण तोंडाला ती सवय नाही.

नातीनंच रविवारी हट्ट धरला. भात हवा, आजोबांचाच हवा. सूनबाईनं फ्रिजमधून डबा काढून माझ्यासमोर ठेवला. पट्टीवर लिहिलेलं, भात, शनिवार, रात्री नऊ.

"मी इथंच उभी राहणार," ती म्हणाली.

"राहा की. दाणा तुटेल, सांगून ठेवतो."

"तुटू दे. आणि आतून वाफ येईपर्यंत गरम करायचा."

मी हात धुतले. कोपरापर्यंत, ती बघत होती म्हणून. फोडणी दिली. दाणा तुटलाच, पण कमी. वरून पाण्याचा हबका मारून झाकण ठेवलं तर नरम पण झाला. हे काही मी तिला बोलून दाखवलं नाही. भात उतरवल्यावर हात आपोआप गेला. फडताळातून मसाल्याची एक रिकामी डबी काढली, त्यात चमचाभर भात भरला आणि तिच्या पट्टीच्या गुंडाळीतून तुकडा फाडून वर तारीख लिहिली.

"हे काय?"

"नमुना. कँटीनमध्ये ठेवायचो. कुणाला बाधलं तर तपासायला."

तिचे डोळे एकदम उजळले. "अहो, आम्ही पण ठेवतो! प्रत्येक घाण्यातल्या गोळ्या ठेवतो बाजूला. तुम्ही कधी बोलला नाहीत हे." मग म्हणाली, "कधी लागला का हो तो नमुना?"

तीन आठवड्यांनी कढई हातात आली होती. नाही म्हटलं असतं तर संपलं असतं.

"एकदा लागला होता," मी म्हटलं.

"मग?"

"त्या दिवशी डबी रिकामी होती. धुतून ठेवलेली."

तिनं पुढं काही विचारलं नाही. तपासणी खात्यातली बाई आहे ती, धुतलेली रिकामी डबी म्हणजे काय हे तिला सांगावं लागत नाही. तीस वर्षांचं ते वाक्य मी त्यानंतर उच्चारलेलं नाही, आणि तिनं पण त्याची आठवण काढली नाही.

तिनं माझ्या हातातली डबी घेतली, झाकण काढून आत पाहिलं, पुन्हा घट्ट लावलं.

"पुढच्या रविवारपासून डबी मी भरणार," ती म्हणाली.

नात ताटली घेऊन स्टुलावर बसली होती, तिला वाढायला लागलो. सूनबाई शेजारी उभीच होती.