ओ देणारा माणूस

आंब्याची फांदी छपराला लागली होती, म्हणून इंदिरानगरातल्या आमच्या घरी तो झाड छाटायला आला. सुरगाण्याकडचा, पन्नाशीचा, एकटाच. कमरेचा पट्टा, कड्या, हेल्मेट, सगळं नवं कोरं. तरी त्याने अख्खा दोर मुठीतून सावकाश सरकवत तपासला. चढण्याआधी मला म्हणाला, "काका, मी वरून 'हाय का?' इचारीन. तुमी खालून फक्त 'हाय' म्हणायचं."

प्रत्येक फांदीवर करवत लावण्याआधी त्याची हाक यायची. मी खुर्चीत बसून ओ देत राहिलो. ही गेल्यापासून या घरात मला कुणी हाक मारलेली नव्हती.

तो उतरल्यावर चहा देताना मी त्याच्या सामानाचं कौतुक केलं. तो हेल्मेट मांडीवर घेऊन बसला होता. म्हणाला, "भाऊ व्हता तवर जुन्या दोरावर चढायचो. तो खाली उभा ऱ्हायचा. तो वारला, मंग हे सगळं चांगलं बघून घेतलं. पण खालून ओ देणारा माणूस दुकानात नाय मिळत."

काल मी त्याला पुन्हा फोन केला. म्हटलं, मागची फांदीही छपराला लागतेय, येऊन जा.

ती लागत नाहीये.