यंत्राच्या पायावर पाणी

पौडच्या बाजारात साबेराला नावानं फारसं कुणी ओळखत नाही. पण ‘फळीवाली भाभी’ म्हटलं की उरवड्याच्या फाट्यावरचा माणूससुद्धा हात करून वाट दाखवतो. वखार खरं तर तिच्या नवऱ्याची, गनीभाईंची. तिथं वासे मिळतात, चौकटी मिळतात, खाटेचे पाय मिळतात. तरी नाव पडलं ते फळ्यांचं, आणि तेही बायकोला. गनीभाई हसून सांगतात, “वखार माझी, पण बरकत हिच्या भीतीची.”

साबेरा पुण्यात वाढली, मराठी विषय घेऊन बी. ए. झाली आणि लग्न होऊन पौडला आली. सासरी शिक्षणाचा उपयोग झाला तो वखारीची पाटी रंगवायला आणि शेजारणींना पेपर वाचून दाखवायला. काळजी करायची कला मात्र ती माहेराहून पुरेपूर घेऊन आली होती. रफीक एकुलता एक. लहानपणी तिनं त्याला नदीवर जाऊ दिलं नाही, झाडावर चढू दिलं नाही. वखारीत करवत चालू झाली की त्याला उचलून घरात आणायची आणि आवाज थांबेपर्यंत सोडायची नाही. “अगं, पोर आहे का लोणच्याची बरणी? किती झाकून ठेवशील?” गनीभाई म्हणायचे. झाकलेल्या पोराचं व्हायचं तेच झालं. मिसरूड फुटल्यावर ते जे उसळलं ते थेट पॉवर टिलर घेऊनच घरी आलं.

ही गोष्ट ऐंशी सालानंतरची. टिलर म्हणजे बैलजोडीचं काम एकट्यानं करणारं यंत्र. पुढं इंजिन, खाली दोन चाकं, मागं दोन लांब मुठी. माणसानं मुठी धरायच्या आणि मागून चालायचं. भातखाचरात चिखलणीला असलं यंत्र तेव्हा मुळशी खोऱ्यात क्वचित दिसायचं. लोक त्याला ‘रफीकचा बैल’ म्हणायचे, आणि नुसतं म्हणून थांबायचे नाहीत, वागवायचेही तसंच. कुणी त्याला हळदकुंकू लावी, कुणी दृष्ट काढी. एका म्हाताऱ्यानं तर इंजिनापुढं पेंढ्याची पेंढी ठेवून सगळ्या आळीला हसवलं होतं.

आज काम उरवड्यात, तर उद्या पार धरणाकाठी. यंत्र चालवत न्यायचं तर दिवस वाटेतच मावळायचा. म्हणून उरवड्याचा भिवाजी आपल्या ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून यायचा. ट्रॉलीला दोन फळ्या टेकवायच्या आणि टिलर वर चढवायचा, शेतावर पोचलं की तसाच उतरवायचा. फळ्या कुठल्या? ज्याच्या दारात काम, त्याच्या घरात सापडतील त्या. कुठं गव्हाणीची, कुठं मोडक्या दाराची. साबेराला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. यंत्र चिखलात कसं चालत असेल, या काळजीनं तिचा घास अडायचा. ते चिखलापर्यंत पोचतं कसं, हे मात्र तिच्या मनात कधी आलंच नाही.

आणि झालं ते तिथंच झालं.

त्या दिवशी ट्रॉली अवेळी दारात येऊन थांबली. भिवाजी खाली उतरत म्हणाला, “भाभी, घाबरू नका. पोरगं धड हाय.” त्या ‘घाबरू नका’नंच ती ट्रॉलीकडं धावली. रफीक एका हातानं बरगडी धरून सावकाश उतरला. मुका मार होता, हाड शाबूत होतं. टिलरची एक मूठ वाकली होती आणि इंजिनावर चिखल वाळला होता.

“फळी घसरली, अम्मी. एवढंच,” रफीक म्हणाला.

“मग आता ते यंत्र वखारीतच राहील.”

“तुळजाबाईंचं खाचर तसंच पडलंय. त्यांचा बैल मेलाय. मी शब्द दिलाय त्यांना.”

“शब्द तू दिला असशील,” साबेरा म्हणाली, “मुलगा मी दिलेला नाही.”

गनीभाई रंधा मारत होते. त्यांनी मान वर केली नाही. या दोघांच्या मध्ये पडणं म्हणजे करवतीखाली बोट देणं, हे त्यांना चांगलं माहीत होतं.

बाजाराच्या दिवशी स्वतः तुळजाबाईच दारात उभी राहिली. धरणाकाठी एकटीनं भात करणारी, काळीसावळी, चिवट बाई. काखेत जिवंत कोंबडी. “पोराला रस्सा करून घाला,” म्हणत तिनं कोंबडी साबेराच्या हातात दिली आणि उंबऱ्यावरच बसली. वखारीत लाकूड बघायला आलेला भिवाजीही तिथं रेंगाळला.

“माझंच चुकलं बगा, भाभी. पानी कमी पडलं.”

“कसलं पाणी?”

“पायावरचं! नवा बैल दारात आला तर त्येच्या पायावर पानी घालत्यात का न्हाई? तुमच्यात पावन्याला घालत न्हाईत व्हय? तसा ह्यो तुमचा बैल फळीवरनं उतराय लागला, तवा म्या पळत जाऊन दोनी चाकांवर तांब्या वतला. पर तांब्याच त्यो! एवढ्या धुडाला तांब्यानं काय व्हतंय? रागावलं आन् पडलं. आता फुडच्या बारीला येऊ द्या, भरली घागर घालते!”

भिवाजी तोंडावर उपरणं धरून हसू लागला. साबेराच्या डोळ्यांपुढं मात्र ओली चाकं आली. कोंबडी सुटून वखारभर पळाली तरी तिला कळलं नाही. तिनं रफीककडं पाहिलं. तो खाली मान घालून बसला होता.

“हे तू सांगितलं नाहीस.”

“त्यांचं नाव कशाला घ्यायचं, अम्मी? मायेनं घातलं त्यांनी.”

मग एकेक गोष्ट बाहेर आली. फळ्या आखूड होत्या, त्यामुळं उतार अंगावर येणारा होता. त्यात चाकं ओली झाली आणि सरकली. रफीकनं सवयीनं डावीकडची मूठ दाबली. सपाटीवर डावी मूठ दाबली की यंत्र डावीकडं वळतं, पण उतारावर त्याची अक्कल उलटी चालते. ज्या बाजूची मूठ दाबली त्या बाजूचं चाक इंजिनापासून मोकळं सुटतं, दुसऱ्याच्या पुढं धावतं, आणि यंत्र भलतीकडंच फिरतं. ते फिरलं, फळी ट्रॉलीवरून निसटली आणि सगळंच खाली आलं. “उतारावर मुठीला हात लावायचा नाही, हे मला माहीत होतं,” रफीक म्हणाला, “पण घाबरलं की हात विचारतो का?”

“तुमची रोपं कशी आहेत?” साबेरानं तुळजाबाईला विचारलं.

“पिवळी पडाय लागल्यात. पडंनात का. आदी पोर बरं व्हऊ द्या.” एवढं बोलून ती कोंबडी पकडायला उठली.

त्या बाईनं हट्ट धरला असता, तर साबेराला नाही म्हणणं सोपं गेलं असतं. आपण नाही म्हटलं तर रफीक थांबणार नाही, हे तिला कळून चुकलं होतं. तो फक्त सांगायचा थांबेल. कुणाच्या तरी मोडक्या दारावरून यंत्र उतरवील आणि घरी येऊन म्हणेल, काही नाही अम्मी, एवढंच. ती आत गेली आणि गनीभाईंच्या हातातला रंधा काढून घेत म्हणाली, “मला फळ्या दाखवा.”

भिवाजीची ट्रॉली वखारीत सपाट जागेवर उभी केली. ढकलगाडीवर ओंडके लादले आणि ती फळ्यांवरून चढवून-उतरवून पाहायचा खेळ सुरू झाला. आखूड फळीवर गाडी शिडीवर चढल्यासारखी तोंड वर करायची. लांब फळी घेतली तर मध्ये झोळी पडायची. आंब्याची फळी कण्हू लागली, तेव्हा ती बाजूला गेली. सागाची छान होती, पण गुळगुळीत. शेवटी ऐनाची निवडली. जड, राकट, वाकायला तयार नाही. ट्रॉलीच्या उंचीच्या चौपट लांबी धरली तेव्हा उतार असा आला की साबेरा स्वतः पदर खोचून त्यावरून चालत वर गेली आणि कशालाही न धरता खाली आली.

“भाभी, फळी निवडताय का सून?” भिवाजीनं विचारलं.

“सून एवढी बघून आणणार नाही,” साबेरा म्हणाली. “ती चुकली तर भांडेल. ही चुकली तर पोर जाईल.”

चाकाच्या पायाखाली धर राहावा म्हणून गनीभाईंनी फळ्यांवर आडव्या पट्ट्या ठोकल्या. नथू लोहारानं वरच्या टोकांना लोखंडी आकडे बसवून दिले. ते ट्रॉलीच्या कडेत अडकले की चाकानं कितीही मागं रेटलं तरी फळी निसटायची सोय राहिली नाही. फळ्यांना मध्यभागी खालून टेकू द्यायला दोन लाकडी घोड्या केल्या. ट्रॉली सरकू नये म्हणून तिच्या चाकांना उटी लावायला ठोकळेसुद्धा तिनं मोजून घेतले. भिवाजी म्हणाला, दगड लावतो की. ती म्हणाली, दगड मिळेल तेव्हा मिळेल, ठोकळा ट्रॉलीतच राहील.

बरगडीचं दुखणं ओसरलं, तशी ट्रॉली मुळशीला, तुळजाबाईच्या खाचराकडं निघाली. साबेरा फळ्यांवर बसून बरोबर गेली. रफीक लाजला. “लोक काय म्हणतील? आईला घेऊन आला.”

“म्हणू देत. बैलाबरोबर चारा नेतात, तुझ्याबरोबर आई आली.”

तुळजाबाईच्या दारात निम्मी वाडी गोळा झाली होती. आणि सगळ्यांच्या पुढं, काठोकाठ भरलेली घागर कमरेवर घेऊन, ती स्वतः. बाई शब्दाला जागली होती. तिच्यामागं आणखी दोघीजणी कळश्या घेऊन.

वाटेत साबेरानं मनाशी शंभर वाक्यं जुळवली होती. पाणी घालू नका, असं सांगणं सोपं होतं. पण दारी आलेल्याच्या पायावरचं पाणी नाकारायचं म्हणजे त्या घराचं तोंड फिरवून ठेवायचं. आणि तिच्या पोरासाठी एवढ्या मायेनं घागर भरून उभी राहणारी माणसं तिला तरी कुठं दुखवायची होती?

ती तुळजाबाईजवळ गेली. “मावशी, एक विचारते. बैलाच्या पायावर पाणी कुठं घालतात? वाटेत का दारात?”

“आता काय बाई! दारातच की. वाटंत कोन घालतंय?”

“मग ही फळी म्हणजे वाट. तो अजून वाटेवर आहे. जमिनीवर टेकला की दारात आला.”

तुळजाबाईनं फळीकडं पाहिलं, चाकाकडं पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला. “आगं बया!” ती पुटपुटली. “म्हंजी म्या वाटंतच…” मग एकदम मागं वळून ओरडली, “ए, मागं व्हा समदी! बैल वाटंवर हाय अजून! कळशी हिंदकळली तर बगा!”

गडी माणसं मागून हात द्यायला सरसावली होती, त्यांनाही तिनंच पिटाळलं. साबेराला काही बोलावं लागलं नाही.

भिवाजीनं ब्रेक ओढला, ठोकळे लावले. आकडे बसले. रफीकनं आकड्यांवर पाय देऊन पाहिलं, इंजिन चालू केलं आणि सगळ्यांत हळू चालीत टिलर मागं घेत फळीवर आणला. स्वतः दोन फळ्यांच्या मधून, एक पाऊल, मग दुसरं. चाकं पट्ट्यांवरून टक्‌ टक्‌ उतरू लागली. घोडीपाशी आल्यावर डावं चाक कडेकडं सरकलं. साबेराला ते रफीकच्या आधी दिसलं. तोंडापर्यंत आलेली हाक तिनं दातांखाली धरली, कारण हाक ऐकली की हात दचकतो.

रफीकची बोटं मुठीवर आवळली, आणि सैल झाली. त्यानं मूठ दाबली नाही. यंत्र थांबवलं, पुढची चाल टाकली, पुन्हा ट्रॉलीत चढवलं, वर नीट सरळ केलं.

“काय ओ, रुसला का?” कुणीतरी विचारलं.

“भाभी, घागर जड झाली! म्हनावं तुमच्या बैलाला, हल जरा!” तुळजाबाई ओरडली, पण जागची हलली नाही.

दुसऱ्यांदा टिलर सरळ सुतात उतरला. चाकं मातीत टेकली, रफीकनं इंजिन बंद केलं आणि आईकडं पाहिलं. आईचं लक्ष नव्हतं. ती तुळजाबाईकडं वळून म्हणाली, “घाला मावशी. आला दारात.”

घागर अशी काही ओतली गेली की चाकं न्हाली, रफीक न्हाला आणि साबेराच्या लुगड्याचा पुढचा निम्मा भाग न्हाला. वर दोन कळश्या आल्याच. मग टिलरला चिखलात चालणारी लोखंडी चाकं बसवून रफीक खाचरात उतरला. भिजलेल्या साबेराला तुळजाबाईनं चुलीपुढं बसवलं आणि गुळाचा चहा दिला. बाहेर इंजिनाचा आवाज खाचराच्या या बांधापासून त्या बांधापर्यंत जाऊन परत येत होता. पिवळ्या पडलेल्या रोपांच्या जुड्या बांधायला बायका वाकल्या होत्या.

पुढं खोऱ्यात आणखी टिलर आले, आणि ज्यानं त्यानं वखारीत येऊन ‘रफीकच्या बैलाला आहेत तसल्या’ फळ्या मागितल्या. साबेरा आधी ट्रॉलीची उंची विचारते, मगच फळीला हात लावू देते. पाण्याची रीतही पसरली. यंत्र उतरताना आता घागरी घेऊन सगळे लांब उभे राहतात, आणि एखादं पोर पुढं धावलंच तर कुठली ना कुठली म्हातारी खेकसते, “वाटंवर न्हाई, दारात!” यंत्र जमिनीला टेकल्याखेरीज कुणी पाऊल पुढं टाकत नाही.

रफीकला घेऊन ट्रॉली निघताना साबेरा अजून बाहेर येते. आकडे ओढून पाहते, ठोकळे टाकलेत ना बघते. काळजी गेली आहे असं तिला कधी वाटलं नाही. तिला आता करायला काहीतरी आहे, एवढंच. परवा ट्रॉली वळणापर्यंत गेली, तशी ती आत गेली. पाण्यानं भरलेला तांब्या आणून तिनं उंबऱ्याजवळ ठेवला. संध्याकाळी रफीक दारात येईल तेव्हासाठी.