माईकवरून मारलेली हाक

मी पोलिसात आहे. भानामती, करणी, अंगात येणं... असल्या तक्रारी घेऊन लोक आमच्याकडंही येतात. नीट चौकशी केली की शेवटी दारू निघते, नाहीतर जमिनीचा वाद. त्यामुळं या ग्रुपवरचे अनुभव मी आजवर टाइमपास म्हणूनच वाचले. मला लिहायला इतका उशीर झाला तो भीतीमुळं नाही, लाजेमुळं.

हर्सूलला नवरात्रात देवीची यात्रा भरते. आमचा बंदोबस्त तिथं होता. माझी ड्युटी बायकांच्या दर्शनरांगेजवळ, माईकवर. हरवलेली लेकरं, पाकिटमार, गाड्या बाजूला घ्या — हेच दिवसभर ओरडायचं. जोडीला आमचे हवालदार सलीमभाई. हे नाव बदललंय.

त्या वर्षी एका बाइकवाल्या टोळीनं जत्रांमध्ये उच्छाद मांडला होता. नंबरप्लेट काढलेल्या गाड्या, फोडलेले सायलेन्सर. आवाज करत गर्दीत घुसायचं, माणसं घाबरून पांगली की मागं बसलेला बायकांच्या गळ्याला हात घालायचा. एका जत्रेत तर एक बाई मंगळसूत्रासकट गाडीमागं फरफटत गेली होती. म्हणून साहेबांनी बजावलं होतं — काही झालं तरी गाडी रांगेपर्यंत पोचता कामा नये.

आता माझ्या भावाचं सांगते. नितीन, आमचा नित्या. माझ्यापेक्षा बराच लहान. मध्यंतरी तोही असल्याच पोरांच्या नादाला लागला होता. चोरी नाही केली कधी, पण रात्रंदिवस त्यांच्या गाड्यांवर. मी त्याला फरफटत देवगाव रंगारीला आईजवळ नेऊन सोडलं. तिथं तो शेतीत रमला. अद्रक लावली, आईचं सगळं बघायला लागला. तरी फोन केला की मी आधी हेच विचारायची, "कुठं हायेस? कुणासोबत?" तो हसून म्हणायचा, "वावरात हाय ताई. बैलासोबत."

यात्रेच्या त्या दिवशी, ऊन कलल्यावर, कमानीकडून तो आवाज आला. लोक किंचाळत दोन्ही बाजूंना झाले. बाइक एकामागोमाग सरळ रांगेच्या दिशेनं. बॅरिकेड ओढायला माणसं धावली, पण उशीर झाला होता. रांगेत बायका, कडेवर लेकरं... आणि पुढच्या गाडीवर, चालवणाऱ्याच्या मागं, माझा नित्या बसलेला.

तोंडाला रुमाल नाही, काही नाही. स्वच्छ उजेडात मी त्याला बघितलं. तो माझ्याकडंच बघत होता.

सलीमभाई म्हणाले, "मॅडम... वो तो अपना नितीन है ना?" आमच्या घरी ते कितीदा जेवलेत.

माझं डोकंच फिरलं. माईक हातातच होता. मी ओरडले, "नित्या! उतर खाली! लाज नाय वाटत, चोरा!"

चालवणाऱ्यानं करकचून ब्रेक मारला. गाडी आडवी झाली, मागच्या तिच्यावर येऊन आदळल्या. रांग हातभर अंतरावर राहिली. रांगेतल्या कुणाला खरचटलंसुद्धा नाही. आमच्या लोकांनी झडप घालून सगळे धरले. मी धावत पुढच्या गाडीपाशी गेले, भावाची कॉलर धरायला.

तिथं चालवणारा एकटाच पडला होता. चारी बाजूंनी माणसांचा गराडा, मुंगी निसटली नसती.

सलीमभाई गोल फिरून फिरून बघत होते. "मैं भी देखा ना मॅडम. भागा किधर?"

साहेबांनी विचारलं, "हा नित्या कोण?"

मी सावधान उभी राहून सांगितलं, "सर, माझा सख्खा भाऊ." पत्ता दिला, ओळख दिली. खरं सांगते, तेव्हा मला स्वतःचा अभिमान वाटला. सख्ख्या भावालाही सोडलं नाही म्हणून.

संध्याकाळी तिकडच्या पोलिसांची जीप देवगावात गेली. नित्या दवाखान्यात सापडला. उपासात चक्कर येऊन आई पडली होती, तिला सलाईन चालू होतं. मी बंदोबस्तात म्हणून मला कुणी कळवलं नव्हतं. आईच्या देखत त्याला दंडाला धरून बाहेर आणलं. डॉक्टर मागं धावत आले, "अहो, हा दुपारपासून इथून हललेला नाय!" दवाखान्यातल्या सगळ्यांनीच तेच सांगितलं. सोडला त्याला. पण गाव गोळा व्हायचं ते झालंच.

इकडं त्या चालवणाऱ्याला मी स्वतः विचारलं, मागं कोण होतं?

तो रडत होता. "कुणीच नव्हतं मॅडम. माझा जोडीदार आज आलाच नाय. पण कानाशी कुणीतरी बोललं... 'ताई उभी हाय पुढं, ब्रेक मार.' अन मला तर बहीणच नाय."

साहेब म्हणाले, नशा उतरू द्या याची.

कुणीतरी मोबाइलवर केलेला व्हिडिओ दुसऱ्या दिवशी सगळीकडं फिरला. त्यात गाडीवर एकटाच माणूस आहे. मागची सीट मोकळी. आणि त्या मोकळ्या सीटकडं हात करून मी भावाच्या नावानं ओरडतेय — चोरा! देवगावात घराघरात तो बघितला गेला. नित्याचं लग्न जुळत आलं होतं. त्या लोकांनी परत फोन केला नाही.

यात्रेची ड्युटी संपल्यावर मी गावी गेले. आईनं पाणी दिलं, जेवायला वाढलं, पण तोंड वर केलं नाही. नित्या ओसरीत बसला होता. मी त्याला सगळं सांगितलं. रांगेतल्या बायका, तो ब्रेक, कानाशी आलेला आवाज. आमच्यामुळं नाही, त्या आवाजामुळं त्या बायका वाचल्या, हेही सांगितलं. माफी मागितली.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. चिडला नाही. मग म्हणाला, "ते काय होतं मला नाय माहीत ताई. पण ते दिसल्यावर... मी तुला चोरच कसा काय वाटलो?"

सलीमभाई म्हणतात, आपल्या दोघांना भास झाला असेल. एकाच वेळी, एकसारखा? मग त्या तिसऱ्याच्या कानात कोण बोललं? मला अजून कळलेलं नाही. कुणाला काही सुचलं तर जरूर लिहा.

नित्याच्या प्रश्नाचं मात्र कुणी काही लिहू नका.