नाकारण्याची दोन क्रियापदं

आमचा हेडक्लार्क कधीच मेला, पण माझा त्याच्यावरचा राग मेलेला नाही. राजांच्या काळापासून आपलं घर शहराच्या जुन्या महाल भागात आहे, हे तो दिवसातून दोनदा ऐकवी. मी उमरेडच्या विणकराचा मुलगा, नागपूरच्या सरकारी कचेरीत टेंपररी कारकून. कायम व्हायला दोनच महिने उरले होते.

एका दुपारी त्याने भाजीची थैली माझ्या टेबलावर आदळली. "घरी पोचवून ये."

"मी नाही नेत. मी कारकून आहो, चपराशी नाही."

अख्खी कचेरी ऐकत होती. जन्मात पहिल्यांदा मी कुणाला तोंडावर नाही म्हटलं होतं, आणि मला ते फार आवडलं होतं.

त्याने तक्रार केली. साहेबांनी इंग्रजीत लेखी खुलासा मागितला. माझ्या जुन्या डिक्शनरीत 'रिफ्यूज'पुढे नाकारणे होतं आणि 'डिनाय'पुढेही नाकारणेच. डिनाय भारदस्त वाटलं. लिहिलं, सदर गोष्ट मी डिनाय करतो, पुन्हाही करीन.

दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, "असं घडलंच नाही म्हणता ना? मग मिटलं. जा, काम करा."

मला काही उमगेना. बाहेर येताच हेडक्लार्क खदाखदा हसला. "करत नाही म्हणणं ते रिफ्यूज. डिनाय म्हणजे घडलंच नाही म्हणणं. काहून गा, टरकला? कानावर हात ठेवून मोकळा झाला!"

कानावर हात ठेवणे! डिक्शनरीवाल्याला न सुचलेला अर्थ या हलकटाच्या तोंडून मला कळावा, याची जास्त चीड आली. नोकरी वाचली होती, पण माझं 'नाही' गेलं होतं.

तसाच आत गेलो. साहेबांपुढचा कागद ओढून डिनाय खोडलं, वर रिफ्यूज लिहिलं.

"कायम व्हायचं नाही का तुम्हाला?"

"व्हायचं आहे ना, साहेब. पण मी नाही म्हटलं होतं."

महिनाअखेरीस मला काढलं. ट्रंक घेऊन उमरेडच्या बसने घरी आलो. बाप मागावर होता. सगळं सांगितलं, दोन्ही क्रियापदांसकट. त्याने धोटा थांबवला नाही.

"थैली न्याले काय झालं होतं तुले?"

त्याच्याशीही मी आठवडाभर बोललो नाही.