हैबतीचा ट्रॉम्बोन

कुडपणचा हैबती मुंबईत एका बड्या हॉटेलात बशा धुवायला लागला. तिथल्या गोवेकर वादकाच्या मागे लागून तो ट्रॉम्बोन, म्हणजे नळी पुढेमागे सरकवून वाजवायचा पितळी बाजा शिकला आणि त्याच हॉटेलच्या जॅझ बँडात वाजवू लागला.

अठ्ठावन्न साली पुतणीच्या लग्नाला तो बाजा घेऊनच गावी आला. थोरला भाऊ गोमाजी दारातच आडवा आला.

"ती पेटी उघडू नको. बाजा फुंकायला वाजंत्री आणलेत. आपल्या घरातलं हे काम नाय."

"मुंबईत साहेबलोक टाळ्या वाजवतात, दादा."

"पाव्हण्यांना मी सांगितलंय, तू मॅनेजर हाय."

हैबतीच्या मस्तकात तिडीक गेली. हॉटेलात मागच्या दाराने शिरावं लागे, ते त्याने गिळलं होतं. हे गिळवेना. भर मांडवात उभं राहून त्याने छाती फुटेस्तोवर वाजवलं. वाजंत्रीसुद्धा हात थांबवून ऐकत राहिले.

"मी मॅनेजर नाय!" तो पाव्हण्यांवर ओरडला. "बाजा वाजवून पोट भरतो!"

गोमाजीने त्याला पंगतीतून उठवलं. हैबती तडक मांडवाबाहेर वेगळ्या बसवलेल्या वाजंत्र्यांत जाऊन, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पोटभर जेवला. पुढे कितीदा बोलावणं आलं, पण तो कुडपणची वाट पुन्हा चढला नाही.